अलिबागला घर घ्यायचंय? आधी मे महिन्यात तिथल्या विहिरीचं पाणी प्या

गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीतल्या निदान दहा जणांनी मला फोन करून एकच विचारलंय, अरे अलिबागला जागा बघतोय, गुंठ्याचा भाव काय चाललाय? प्रत्येकाला तासभर तेच तेच सांगून घसा बसला म्हणून आता एकदाच लिहून काढतो. मी मूळचा डोंबिवलीचा, नागावच्या बाजूला घर घेऊन नऊ वर्षं झाली, त्यातली पहिली दोन नुसती चुका करण्यात गेली. वकील नाही, एजंट तर अजिबातच नाही, त्यामुळे मला यात कमिशन नाही.

पहिलं म्हणजे "अलिबागचा भाव" असं काही नसतंच. मुंबईच्या बोटी लागतात ती मांडवा जेट्टी किती मिनिटांवर आहे यावर अर्धा भाव ठरतो, म्हणून मांडवा, सासवणे, आवास, किहीम, झिराड, चोंढी हा पट्टा सगळ्यात महाग, मोठमोठ्या लोकांचे बंगले तिकडेच. मग अलिबाग शहर आणि वरसोली, मग खाली अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, आणि खाडीच्या अंगाला पोयनाडकडे गेलात की आकडे एकदम खाली येतात (का येतात ते पुढे सांगतो, ते नीट वाचा). आणि एकाच गावात मेन रोडच्या समुद्राकडच्या बाजूचा भाव वेगळा, डोंगराकडच्या बाजूचा वेगळा. त्यामुळे कुणी ओळखीच्याने अमुक रेटला घेतली म्हणून आपल्याला तोच रेट, हे डोक्यातून काढून टाका.

भाव काढायचा कसा? एजंट सांगतो तो आकडा म्हणजे मालकाची इच्छा अधिक एजंटची इच्छा. खरा आकडा नोंदणी विभागाच्या साईटवर मिळतो, तिथे ई-सर्च मध्ये गावाचं नाव आणि गट नंबर टाकला की इंडेक्स टू दिसतात, म्हणजे त्या गटात आणि शेजारच्या गटांत कोणी किती क्षेत्र कितीला घेतलं ते. कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्ष दिलेला आकडा यात फरक असू शकतो हे आपल्या सगळ्यांना माहितीये, पण निदान तळ तरी कळतो. तिथेच रेडी रेकनरचा (म्हणजे सरकारने ठरवलेला) दरही बघा कारण स्टॅम्प ड्युटी व्यवहाराची रक्कम आणि रेडी रेकनर यातलं जे जास्त असेल त्यावर लागते. मी शेजारच्या तीन गटांचे इंडेक्स टू प्रिंट करून नेले होते, एजंटने ते बघितले आणि चहा मागवला. रेट पंधरा मिनिटांत खाली आला.

अजून एक, एजंट गुंठ्यात बोलतो आणि सातबारा हेक्टर-आर मध्ये असतो. एक गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १०७६ स्क्वेअर फूट. फरक छोटा वाटतो पण वीस गुंठ्याच्या व्यवहारात अडीचशेहून जास्त स्क्वेअर फूट होतात, म्हणजे एक बेडरूम.

आणि "पूल होतोय साहेब, आत्ता घ्या, नंतर हात लावता येणार नाही" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. गाड्या नेणारी रो-रो बोट २०२० ला सुरू झाली तेव्हा भाव वाढले, जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला तेव्हा परत, आता रेवस-करंजा पुलाचं आणि विरार-अलिबाग कॉरिडॉरचं नाव घेऊन चाललंय. रेवस-करंजाचं बोलणं माजी मुख्यमंत्री अंतुलेंच्या काळापासून आहे. काम चालू आहे, होईल, पण न झालेल्या पुलाचे पैसे आपण आज का द्यायचे? आज जो रस्ता आहे त्याचा भाव द्या.

आता सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम. समुद्राला लागून जागा म्हटलं की माणसाचं डोकं चालायचं थांबतं, माझंही थांबलं होतं. ग्रामीण किनाऱ्यावर उच्चतम भरती रेषेपासून २०० मीटरपर्यंत ना विकास क्षेत्र, म्हणजे तिथे बांधता येत नाही, २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांना (२०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं) ते ५० मीटर केलंय, बाकीच्यांना २०० च. ही भरती रेषा म्हणजे तुम्ही उभे असताना पाणी दिसतं ती नव्हे, ती मंजूर नकाशावर असते आणि ती अधिकृत संस्थेकडून त्या गटावर टाकून घ्यावी लागते. खाडीलाही सीआरझेड लागतो हे कोणी सांगत नाही, आणि तिवरं असतील तर त्यांच्यापासूनही ५० मीटर सोडायला लागतात.

याचा भावाशी संबंध असा. समजा पाच गुंठे, दहा लाख गुंठा, म्हणजे पन्नास लाख. नकाशा आल्यावर कळलं की तीन गुंठे ना विकास क्षेत्रात. म्हणजे बांधता येण्यासारखे दोन, आणि तुम्हाला गुंठा पडला पंचवीस लाखाला. उरलेल्या तिनात खुर्ची टाकून बसायचं. बसायला हरकत नाही हो, पण ते पैसे देण्याआधी माहीत पाहिजे ना. "सगळ्यांनी बांधलंय, काय होत नाही" असं म्हणणाऱ्याला सांगा की मार्च २०१९ मध्ये किहीमला नीरव मोदीचा बंगला जिल्हा प्रशासनाने सुरुंग लावून उडवला, आम्ही सगळ्यांनी बातम्यांत बघितलाय.

कागद. इथे जरा बसून वाचा, कंटाळवाणं आहे पण पैसे इथेच बुडतात. शेतजमीन घ्यायची तर तुम्ही शेतकरी पाहिजे, कुळकायद्याचं कलम ६३. "शेतकरी दाखला आपण करून देऊ" असं कोणी म्हणालं की चप्पल घालायची आणि निघायचं, उद्या चौकशी लागली तर अडकणार तुम्ही, तो नाही. परदेशात राहणाऱ्या भाच्यांना-पुतण्यांना पण सांगून ठेवा की एनआरआयला शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही, एनए (बिगरशेती) प्लॉट किंवा घर घेता येतं. मग शेतकरी नसाल तर एनए प्लॉट, बांधलेलं घर किंवा गावठाणातलं जुनं घर एवढेच रस्ते उरतात.

सातबारा ऑनलाइन डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो, तो स्वतः काढा, एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेला नको. वरचं नाव तर सगळेच बघतात, तुम्ही "इतर हक्क" चा रकाना बघा. तिथे कुळाचं नाव आहे का, बँकेचा बोजा आहे का, कलम ४३ च्या बंधनास पात्र असं लिहिलंय का, भोगवटादार वर्ग २ आहे का (या दोन्हीत विकायला सरकारी परवानगी लागते), वनाचा काही शेरा आहे का. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होतच नाही. मग फेरफार (सातबाऱ्यावरची नावं कशी बदलत गेली त्याच्या नोंदी) मागे मागे वाचत जायचे. आमच्याकडे कोकणात एका सातबाऱ्यावर चौदा नावं असतात, त्यातले दोघे गिरगावात, एक गुजरातेत, एक आत्या कुठे असते कोणालाच माहीत नाही, आणि विकणारा म्हणतो मीच बघतो सगळं. बहिणींची हक्कसोड रजिस्टर झालीये का ते विचारा, तोंडी "त्यांना काही नको" याला काडीची किंमत नाही. वकिलाकडून मालकीचा तीस वर्षांचा सर्च आणि पेपरात जाहीर नोटीस हे दोन्ही करा, आणि वकील तुमचा पाहिजे, एजंटच्या टेबलावर बसलेला नको.

गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात. तो घरपट्टीचा उतारा, त्याने मालकी सिद्ध होत नाही. आणि तो वेगळा आणि तलाठ्याचा ८अ वेगळा, लोक सर्रास गोंधळ घालतात. एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकणं तुकडेबंदी कायद्यात अडकतं, मधे सरकारने काही सवलती दिल्या आहेत पण त्या त्याच गटाला लागू आहेत का ते तहसीलला विचारा. "अविभाज्य हिस्सा" म्हणून पाच अनोळखी लोकांबरोबर एकाच सातबाऱ्यावर नाव लावून घेऊ नका. प्लॉटिंगची स्कीम असेल आणि जमीन ५०० चौरस मीटरच्या वर आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील तर महारेराचा (अशा स्कीमवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नंबर पाहिजेच.

रस्ता! हे विसरलोच होतो. गाव नकाशा काढा आणि बघा तुमच्या गटापर्यंत रस्ता किंवा पाणंद दाखवलीये का. मला दाखवलेल्या एका वाडीत जायला शेजाऱ्याच्या अंगणातून जायचं होतं, मालक म्हणाला भावाचीच जागा आहे, कधी अडवणार नाही. भाऊ पडवीत बसून आमच्याकडे बघत होता, त्याची नजर बघूनच मी परत फिरलो. आणि सरकारी मोजणी पैसे देण्याआधी करायची, नंतर नाही. कंपाउंड दोन फूट इकडे-तिकडे निघालं की गावात वैर, ते तीन पिढ्या पुरतं.

आता पाणी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. किनाऱ्यालगत जमिनीखाली पावसाचं गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. थोडं थोडं उपसलं तर वर्षभर गोडं मिळतं, पंप लावून ओरबाडलं की खालचं खारं वर येतं आणि एकदा विहीर खारावली की परत गोडी व्हायला किती पावसाळे जातील सांगता येत नाही. म्हणून इथल्या जुन्या वाडीवाल्यांच्या विहिरी उथळ आणि रुंद, बोअर मारलं की थेट खाऱ्यात जातं. नोव्हेंबर-डिसेंबरात जागा बघायला येतात लोक, विहीर तुडुंब, पाणी गोड, खूश होऊन टोकन देतात. अहो, तेव्हा सगळ्यांचंच पाणी गोड असतं! मे च्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात या.

मी पहिल्यांदा जी जागा पसंत केली होती तिथलं पाणी मे मध्ये पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून डोंबिवलीला घेऊन गेलो. जिभेला फार काही कळलं नव्हतं, किंचित मचूळ वाटलं एवढंच. आईने त्यात तूरडाळ लावली. चार शिट्ट्या, मग अजून तीन. कुकर उघडला तर डाळ तशीच, दाणा दाणा वेगळा, पळीने घोटली तरी मिळून येईना. मग तिने त्याच पाण्यात साबण घासून बघितला, फेस नाही, हाताला नुसता चिकट थर. म्हणाली, ही जागा नको. नंतर पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर घेतला, हवं तर तुम्हीही घ्या, पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चांगलं म्हणतात, पण मला विचाराल तर डाळ लावून बघा. आणि आजूबाजूला स्विमिंग पूलवाले बंगले किती आहेत ते मोजा, ते सगळे तुमच्याच विहिरीतून पाणी पिणार आहेत असं समजून चाला. नळाचं कनेक्शन आहे असं सांगितलं तर शेजारच्या बाईला विचारा पाणी किती दिवसांनी येतं, ती खरं सांगेल.

पाण्यासाठी मे, तसं जागेसाठी जुलै. पोयनाड, धरमतर खाडीच्या अंगाला स्वस्त का त्याचं उत्तर हे, तो खारेपाट. बरीचशी जमीन मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली, बंधारे घालून खाडीचं पाणी थोपवलेलं, भातशेतीसाठी. बंधारा फुटला किंवा खांड पडली की खारं पाणी शेतात. अशा जमिनीवर माती टाकून, भराव करून प्लॉट पाडतात आणि फेब्रुवारीत दाखवतात. मला असाच एक "क्रीक व्ह्यू" प्लॉट दाखवला होता, मस्त सपाट, कडेला पांढऱ्या चुन्याच्या रेघा. मी जुलैत अमावास्येच्या उधाणाला न सांगता गेलो. चपला हातात घेऊन जायला लागलं, आणि पोचलो तर माझ्या त्या प्लॉटमध्ये एक जण आरामात पाग टाकून मासे धरत होता. मला म्हणाला, काय, जागा बघायला आलाव का? त्याला रोजचंच असावं. खारेपाटातली सगळी जागा वाईट असं नाही, उंचवट्यावरची जुनी गावं शेकडो वर्षं आहेत, पण गाव जिथे वसलंय तिथेच घ्या, गावाने जिथे भात लावलाय तिथे नको.

शक्य असेल तर सरळ वर्षभर भाड्याने राहा. विकेंडला येणं आणि मंगळवारी दुपारी इथे असणं यात फरक आहे.

घर बांधताना किंवा जुनं घेताना लक्षात ठेवा की खारी हवा लोखंड खाते. आरसीसीमध्ये समुद्राची वाळू वापरलेली असेल तर सळई आतून फुगते आणि स्लॅबचे पोपडे पडतात, जुन्या बंगल्यात पहिलं छताकडे बघा. स्टीलचं रेलिंग करायचं तर ३१६ ग्रेड, फॅब्रिकेटर ३०४ लावून तेच म्हणून सांगतो. खिडक्या यूपीव्हीसी किंवा चांगल्या कोटिंगच्या ॲल्युमिनियमच्या. एसीचा आउटडोअर समुद्राच्या तोंडावर लावू नका, माझा पहिला तीन वर्षांत गेला, मेकॅनिकने पत्रा बोटाने दाबला तर बोट आत. पत्र्याचं छप्पर असेल तर पत्रे धरून ठेवणारे जे-हूक दरवर्षी बघा, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माझ्या पडवीचे पत्रे चांगले होते, हूक गंजलेले होते, दोन पत्रे शेजारच्या सुपारीत जाऊन अडकले. लाईट त्या वेळी कित्येक दिवस नव्हती त्यामुळे इन्व्हर्टर हवाच, आणि विहिरीला रहाट किंवा निदान दोर-बादली राहू द्या. पश्चिमेच्या भिंतीला पावसाची झड लागते, तिकडे रुंद पडवी काढा. कपाटात बुरशी येणारच, चामड्याचे बूट आणि लग्नातले सूट मुंबईतच ठेवा.

राहण्याचं म्हणाल तर मुंबई समोर दिसते पण वाटते त्यापेक्षा लांब आहे. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात साधारण जून ते ऑगस्ट बंद, भाऊच्या धक्क्याची रो-रो तेवढी हवामान बघून चालते, नाहीतर पेण-वडखळ मार्गे रस्ता. शनिवारी सकाळी वडखळहून इकडे आणि रविवारी संध्याकाळी उलटं जायचं नाही, हा इथला अलिखित नियम, कार्लेखिंडीत जे अडकतात ते सगळे पाहुणे. जिल्हा रुग्णालय अलिबागलाच आहे पण मोठं काही झालं तर पनवेल किंवा मुंबई, घरात वयस्कर माणूस असेल तर हा विचार घराच्या रंगाच्या आधी करा. आम्ही आईसाठी शहराच्या जवळचं घर घेतलं ते याच कारणाने, समुद्र चालत बारा मिनिटांवर आहे आणि मला त्याची खंत नाही.

बाकी मजा आहे. जून-जुलै मासेमारी बंद म्हणून मे मध्येच सोडे, सुकट, बोंबील भरून ठेवायचे. उन्हाळ्यात पांढऱ्या कांद्याच्या माळा घ्यायच्या, हातात धरून वास घेऊन, कारण रस्त्यावर बाहेरचा कांदाही तसाच वेणी घालून विकतात. थंडीत कोणीतरी पोपटीला (मडक्यात वालाच्या शेंगा वगैरे भाजायचा बेत) बोलावतं. बोलावलं तर जा, आणि देवळाच्या वर्गणीला का-कू करू नका, पावसात विहिरीचा पंप बंद पडला की तीच मंडळी येतात.

होमस्टे करून हप्ता फेडू असं गणित मांडत असाल तर वर्षातले विकेंड मोजा, त्यातून पावसाळा आणि परीक्षांचे महिने वजा करा, केअरटेकरचा पगार वजा करा, मग बोला. हप्त्याचंच निघालं तर, एनए नसलेल्या जागेला बँका सहसा दारात उभं करत नाहीत, हे टोकन देण्याआधी बँकेत विचारा.

शेवटी रजिस्ट्रेशनचं. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. घर बायकोच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट मिळते, ती घराला, मोकळ्या जमिनीला नाही. व्यवहार ५० लाखांचा किंवा त्याच्या वरचा असेल तर एक टक्का टीडीएस (हा इन्कम टॅक्सचा) तुम्ही विकणाऱ्याच्या पैशातून कापून भरायचा, हे विकणारा मुद्दाम विसरतो. आणि खरेदीखत झालं की पेढे वाटून गप्प बसू नका, फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत मागे लागा, मग लाईट बिल, घरपट्टी, पाणीपट्टी एकेक करून नावावर.

आणि गेटला कडी-कुलूप पितळेचं घ्या. मी लोखंडी घेतलं होतं, गणपतीत सगळं सामान आणि आईला घेऊन पोचलो तर किल्ली आत जाईना, शेवटी शेजारच्या काकांनी हातोडीने फोडून दिलं आणि वर त्यांच्याकडेच जेवलो.